आई, ते तेल नव्हतं

तीर्थरूप आई,

जिथं असशील तिथं माझा नमस्कार पोचो. तू असताना तुला कधी चिठ्ठी लिहिली नाही. लिहिली असती तरी तुला वाचता आली नसती. आज लिहितेय, कारण कालपासून तुझ्याशीच बोलावंसं वाटतंय. देवापुढं बसले तर रोजचं स्तोत्रही मध्येच अडलं.

काल वैशाली सोयगावकडून आली. तुझ्यामागं तुझ्या नातीनं विद्यापीठात पीएचडीला भिल्ल बायांच्या गोंदणाचा विषय घेतलाय. चार वर्षं वाड्या-वस्त्या हिंडतेय. मीच तिला म्हणायचे, बाई, आपलं काय त्यात? घरात बसून होईल असा विषय घे.

तिकडं एका वस्तीवर टँकरच्या रांगेत तिला एक म्हातारी भेटली. वैशाली सहज बोलून गेली, माझी आजी झुमकाही याच बाजूची, बहात्तरच्या दुष्काळात शहरात आली. म्हातारीनं तिचं मनगट धरलं ते सोडेना.

"तिच्या डोळ्यांपाशी डाग व्हते का?"

आई, ती तुझी धाकटी बहीण. मला मावशी आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळावं?

शहराबाहेर नवी वसाहत उठत होती, तिथं तू विटा वाहायचीस, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं मावशीनं सांगितलं. कामावरचं लोखंड चोरीला गेलं, तेव्हा मुकादमानं आधी गोंदण बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांना भिल्लाची खूण असलेल्या तेवढ्या बाया बाजूला काढल्या. दोन दिवस चौकीत बसवलं. लोखंड मग मुकादमाच्याच मेव्हण्याकडं सापडलं. तू सुटलीस ती थेट वस्तीवर गेलीस आणि बहिणीला म्हणालीस, बिब्बा तापव, ही खूण जाळून टाक.

"म्याच लावला गं," मावशी वैशालीला म्हणाली. "वरडली नाय. म्हनली, माज्या लेकराला कुनी येगळं काढू नये."

मी तेव्हा तुझ्या पोटात होते.

बिब्ब्यानं कातडी कशी जळते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. आणि मी जन्मभर काय समजत राहिले? तू सांगायचीस तेच, भजी तळताना तेल उडालं. दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांना नेमकं सारखंच तेल कसं उडेल, हे मला एकदाही सुचलं नाही!

पहिली रानभाजी घरात आली की तू आधी मूठभर उंबऱ्याबाहेर ठेवायचीस. मी चिडायचे, अन्न टाकतेस, काय हे अडाणीपण! तू एवढंच म्हणायचीस, "ज्याचं त्याला." ती आपल्या पूर्वजांची मूठ होती, हे आता कळलं. तुझ्या दहाव्याला गुरुजींनी गोत्र विचारलं. मला ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, ठाऊक नसलं की कश्यप म्हणायचं. मी म्हटलं. मी तुला कुणाच्या दारात नेऊन सोडलं गं?

मला तरी सांगायचंस. सासरी विचारलं तर मला खोटं बोलायला लागू नये, म्हणून गप्प राहिलीस का?

सोमवारी प्रबंध द्यायचाय. पहिल्या पानावर, अर्पणपत्रिकेत, तुझं नाव, तुझी वस्ती आणि पुढं 'भिल्ल' असं लिहू का, हे वैशाली मला विचारतेय.

"आई, चार वर्षं मी दुसऱ्यांचं म्हणून लिहीत होते," म्हणाली आणि वह्या तशाच मांडीवर घेऊन बसून राहिली.

ह्यांना विचारलं. म्हणाले, तुझ्या आईचं नाव, तू ठरव.

मला भ्या वाटलं. तू एवढं सोसून जे पुसलंस ते मी छापायचं? लोक काय म्हणतील हे तर होतंच, पण तू काय म्हणशील? मग वाटलं, पुसलंस ते माझ्यासाठी ना? मला कुणी वेगळं काढलं नाही. मी मॅट्रिक झाले, माझी पोर विद्यापीठात गेली. ज्यासाठी तू जळलीस ते झालं, आई. आता कुणापासून लपायचंय?

सकाळी दिवा लावला आणि वैशालीला सांगितलं, लिही. ठळक लिही.

रविवारी पहिल्या एसटीनं मी मावशीकडं जाणार आहे. तिला भेटून तुझ्या आईबापाची नावं विचारून येईन, शब्द देते. आजी-आजोबांना मी अजून एकदाही हाक मारलेली नाही.

तुझी,
शकू