आखाजीचा झोका

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. संध्याकाळ. एरंडोल.

बँकेतर्फे बांधकाम तपासायला आज एका आबांच्या नव्या घरी गेलो. स्लॅब अजून कच्चा, आणि खालचे टेकू काढून टाकलेले. का, तर माहेरी आलेल्या लेकीचा झोका बांधायला जागा हवी होती. स्लॅबला झोक्याच्या कडीपासून भिंतीपर्यंत तडा गेलाय. त्याच्याखाली लेक झोका घेत होती, मांडीवर तान्हं.

मी ओरडलोच, "आबा, आधी झोका सोडा!"

आबा हसले. "भाऊ, पोर दोन वरीसमा उनी शे. आखाजीले झोका नही बांधू त कव्हय बांधू? तुम्ही बी बठा दोन घडी."

टेकू परत लावून घेतले. झोका सोडला तेव्हा लेक माझ्याकडे बघेना.

जुनं घर पाडलंय, आज सगळे त्या स्लॅबखालीच झोपणार. अहवालात धोका लिहिला तर बँकेकडून मिळायचा कर्जाचा पुढचा हप्ता थांबेल, घर अर्धंच राहील. न लिहिला तर? तडा केसाएवढा नव्हता, माझं नख आत गेलं.

शेवटी लिहिलं, पाठवलं. मग फोन करून आबांना म्हटलं, आज अंगणात झोपा.

"घर ऱ्हाईसन आंगनमा निजू का?" म्हणाले, आणि फोन ठेवला.

देवापुढे बसलोय. माझी तपासणी खोटी ठरू दे, याशिवाय दुसरं काही मागताच येत नाही.