बाहेरून कडी

२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

मी कुठल्या टोळीत जाऊन बसले, असं वहिनी विचारत होती म्हणे. तिला सांग, ही टोळी नाही, घर आहे. घटस्फोटानंतर वर्षभर मी दिवसा तुझ्याशेजारी रंधा मारत होते आणि संध्याकाळी भिंतींशी बोलत होते. इथे मला उशीर झाला तर शिंपीणबाई माझं ताट झाकून ठेवतात. आश्रम चालवणारे गुरुजी सगळं ऐकून घेतात. बाहेरचं जग आपल्या वाईटावर टपलंय, असं ते सांगतात आणि मला पटतं.

सध्या झोपायच्या खोल्यांची दारं बसवतेय. कड्या बाहेरून लावायला सांगितल्यात. तुला खोट काढायला जागा ठेवलेली नाही.

लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ठकी

९ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

तुझं ताट झाकणारं कोणी भेटलं याचा आनंद झाला आणि लाजही वाटली. वाद घालत नाही, तुझ्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय. सुतार म्हणून एवढंच विचारतो, झोपायच्या खोलीला कडी बाहेरून कशाला? गुरुजींना विचारून कळव.

वहिनी रागावलीय, म्हणजे दिवसभर तुझंच नाव घेतेय. माया आहे तशीच ठेव.

दादा

२१ जून

ती. दादास सा. न.

विचारलं. कोणाचं मन डगमगलं तर सावरेपर्यंत आत ठेवायचं, म्हणाले. तेही पटलं. परवा शिंपीणबाई आईकडे जायचं म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनी त्यांना मारलं आणि मी त्यांचे हात धरून ठेवले. मला राग नव्हता. हात सोडले तर मी पुन्हा एकटी पडेन, एवढीच भीती होती. मग त्यांना कोंडलं आणि मीच बसवलेल्या दारामागे त्या रात्रभर कण्हत होत्या.

काल सगळे सभेला बसले असताना कडी काढून त्यांना बाहेर आणलं. आम्ही सरकारी दवाखान्यात आहोत. त्यांचा हात मोडलाय. मारणाऱ्यांची नावं पोलिसांना दिली, त्यात माझंही दिलं. त्यांच्या आईचा पत्ता मागे लिहिलाय, त्यांना कळव.

मला घरी घ्याल का, हे विचारायची हिंमत नाही.

ठकी

२४ जून

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र वहिनी तुझ्या हातात देईल. मी वकिलाकडे थांबलोय. वहिनीसोबत शिंपीणबाईंची आई आहे. त्यांच्यासमोर उभी राहा आणि काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग. त्या बोलतील ते ऐकून घे.

शिक्षा झाली तर भेटायला येत राहू, सुटलीस की न्यायला येऊ. घरी घेण्याचं विचारलं नाहीस ते बरं केलंस, असं विचारलंसच कसं म्हणून वहिनीने तुला बोलून बोलून हैराण केलं असतं.

तुझाच,
दादा