वाचून दाखवायचं राहिलं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला पुन्हा तुझी भीती वाटतेय. रविवारी नगरला माझं नाटक आहे. तालीम अर्धी सोडून मी नाट्यगृहाच्या मागच्या पायरीवर येऊन बसलेय, आणि लिहितेय तुला. दुसऱ्या कुणाला सांगू?

काष्टीचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय. बाजारच्या दिवशी बायका भाजीची पिशवी उंबऱ्याशी ठेवून आत यायच्या, माहेरी पत्र लिहून घ्यायला. तू सातवी शिकलेली, आळीतली तेवढीच शिकलेली बाई. एकीकडे तवा, एकीकडे कागद. पत्र झालं की ते मोठ्यानं वाचून दाखवायचीस. बाई म्हणाली हे नको, की कागद फाडून पुन्हा पहिल्यापासून, मग भाकरी करपली तरी चालेल. एकदा तुझे हात पिठात होते म्हणून मला लिहायला बसवलंस. मी सहावीत, निबंधात पहिली येणारी. शेजारच्या काकूंच्या पत्रात मी पदरचं एक वाक्य घातलं, रडून रडून उशी भिजते म्हणून. काकू हळूच म्हणाल्या, असं लिवलं तर बा उद्याच न्यायला येईल की. तू सगळ्यांदेखत मला झापलंस. "तोंड तिचं हाय, तुझं न्हाई. ती सांगंल तेवढंच लिवायचं." इतका राग आला होता मला तुझा.

पण नाटक लिहायला बसले ते तुझ्याच जोरावर. उसात खुरपणाऱ्या बायकांचं नाटक, ज्यांना स्टेजवर कुणी कधी बोलू दिलं नाही. श्रीगोंद्याकडच्या एका बाईनं चहा पिता पिता सांगितलं, पहिली पोर तिनं मूलबाळ नसलेल्या बहिणीच्या ओटीत घातली. पोरीला अजून माहीत नाही, तिला मावशीच म्हणते. "लिही बाई," म्हणाली, म्हणून लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं. पोरीच्या हातावरचा दूध सांडून भाजल्याचा डाग मात्र तसाच ठेवला, कारण तो प्रसंग फार छान वठतो. आणि तिला एकदाही वाचून दाखवलं नाही.

काल तिचा फोन आला. खुशीत होती. "आमी दोघीबी येनार. पोरीला दावते, मावशीचं बोलनं नाटकात आलंय." हो, या, म्हटलं. हो, या! काय बाई आहे मी.

उद्या सकाळच्या एसटीनं तिच्याकडे जातेय, वही घेऊन. ती काढ म्हणाली तर काढायचं, नाटकाचा जीवच गेला तरी. म्हणतेय खरं, पण आतून देवाला विनवतेय की तिनं ठेव म्हणावं. लाज वाटते. तू असतीस तर तोंडाकडे बघूनच ओळखलं असतंस आणि पाठीत धपाटा घातला असतास.

हे पत्र टाकू कुठे? वहीतच राहील. फक्त एक सांगायचंय. दवाखान्यात तू विचारलं होतंस, माझ्यावर कायतरी लिवलंयस म्हनं, वाच की. मी म्हटलं, अजून पुरं झालं नाही. पुरं झालं होतं, आई. पर्समध्येच होतं. तू काढ म्हणशील, म्हणून वाचलं नाही.