दुसऱ्या भागातला नावाडी

बाबा, तुमचा नावाडी परत येऊन राह्यला. येतो म्हणे, अजून आला नाही. ही बातमी मला तुमच्या लाडक्यानं फोनवर दिली आणि तेव्हापासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला आहे. मी गाडीत तिकिटं काढते, सुट्ट्यासाठी लोकांशी भांडते, म्हाताऱ्या बायांना हात देऊन वर घेते, आणि मनात एकच चालू असतं: त्यालाच काऊन? याच्यातही त्यालाच काऊन?

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. मी कंडक्टर झाले हेही तुम्हाला माहीत नाही. ब्रह्मपुरी आगारात आहे; कधी सिंदेवाहीची गाडी, कधी चिमूरची. तुमचा लाडका, माझा धाकटा भाऊ बाबू, पुण्याला मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करतो. करणारच. आपल्या घरी नागपूरहून जुना कॉम्प्युटर आला तो त्याच्यासाठीच आला होता. मी मोठी, मी टायपिंगच्या क्लासला जाऊ का, जाऊ का म्हणून विचारून थकले, आणि कॉम्प्युटर आला बाबूसाठी, जो तेव्हा अजून शाळेत नाक पुसत होता. त्या कॉम्प्युटरमध्ये आधीच्या मालकानं एक खेळ तसाच ठेवला होता. चार-पाच जणांची टोळी घेऊन एका उजाड मुलखात हिंडायचं, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि आपण काय उत्तर देतो त्यावर पुढची गोष्ट ठरायची. लढाया कमी, बोलणं फार. आणि ते सगळं बोलणं पडद्यावर इंग्रजीत लिहून यायचं, म्हणून बाबूचं तुमच्यावाचून पान हलत नव्हतं.

तुम्ही नाटकांचे प्रॉम्प्टर. धान कापून झालं, गावोगावी मंडईची जत्रा भरायला लागली की तुम्ही कंपनीसोबत जे जायचे ते शिमग्यालाच घरी दिसायचे. पावसाळ्यात मात्र कंपनी बंद. आई धानाच्या रोवणीला जायची, सैपाक माझ्याकडे, आणि समोरच्या खोलीत तुम्ही दोघं बाप-लेक कॉम्प्युटरपुढे मांडी ठोकून. तुमचं इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. पण विंगेत बसून उभा जन्म सगळ्यांचे संवाद एकट्यानं वाचलेला माणूस तुम्ही. राजाही तुम्ही, दासीही तुम्ही. पडद्यावर वाक्य उमटलं की तुम्ही ते आपल्या बोलीत करून सांगायचे, प्रत्येकाचा आवाज वेगळा. अडलं तरी थांबायचं नाही. नट वाक्य विसरला आणि पान सापडलं नाही तरी नाटक पडू द्यायचं नाही, ही तुमची सवय तुम्ही तिथंही लावली. जिथं इंग्रजी कळलं नाही तिथं तुम्ही पदरचं घातलं, आणि असं घातलं की आम्हाला कधी शंका आली नाही.

टोळीला नदीपार नेणारा नावाडी तर सगळाच्या सगळा पदरचा. खऱ्या खेळात तो दोनच वाक्यं बोलतो, कुठे जायचं, आणि बसा. हे मला आत्ता आत्ता कळलं. तुमचा नावाडी सुटला की सुटला. "या जी, या. चपला हातात घ्या, डोंगा माह्या बापाचा हाय, धुवाले मलेच लागते. कोन गावचे? लढाईले चालले? जेवले का पन? उपाशीपोटी कोनी कोनाले मारत असते का बे?" मी आतून भाकरी थापता थापता हसायची. हात पिठात, कान तुमच्याकडे. दारातून मला दिसायचं काय, तर तुमची पाठ, बाबूची पाठ, आणि दोघांच्या मधून पडद्याचा एवढासा तुकडा.

एकदा मला राहवलं नाही. कुणीतरी म्हातारी त्या टोळीला वाट विचारत होती, तुम्ही तीनही उत्तरं वाचून दाखवली, आणि मी आतून ओरडले, "दोन नंबरचं दाब, बाबू!" तुम्ही मागं वळूनही न बघता म्हणाले, "तू भाजी पाय." बस. एवढंच. बाबूनं एक नंबरचं दाबलं आणि सगळी टोळी मेली. बाप्पा, काय बरं वाटलं होतं मला! त्या दिवशी मी भाजीत मीठ सुद्धा नीट घातलं, कधी नव्हे तेवढी चांगली झाली होती ती. मग तुम्ही वडसाहून येताना बाबूसाठी हेडफोन आणला आणि माझ्यासाठी बांगड्या. हेडफोन त्याच्या कानात गेल्यापासून खेळाचं संगीत, पाण्याचा आवाज, सगळं माझ्यापुरतं बंद झालं. तुमचा आवाज तेवढा राहिला. बांगड्या मी घातल्या, नाही म्हणत नाही. पण मला काय हवं होतं ते तुम्ही कधी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडून सांगितलं नाही.

आता ऐका. तो खेळ बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. त्यातलेच काही लोक, डोकी पांढरी झालेले, एकत्र आले आणि म्हणाले, दुसरा भाग करतो, पण पैसे लोकांनी आधी द्यायचे. तुम्हाला हे लगेच कळेल. आपल्याकडे मंडळ वर्गणी गोळा करून वडसाला जाऊन नाटक कंपनीला आगाऊ विसार देतं, आणि मग गाव वाट बघत बसतं, तसंच. फक्त गाव जगभर पसरलेलं. ते सगळे इंटरनेटवर एका जागी जमतात आणि दिवसभर भांडतात. एक म्हणतो, येणारच, मी तर सुट्ट्या राखून ठेवल्या आहेत. दुसरा म्हणतो, तारीख पुन्हा पुढे ढकलली, आपली वर्गणी खाल्ली यांनी. तिसऱ्याला चित्रं फार चकचकीत वाटतात, जुन्या खेळातला धुरळाच नाही म्हणतो. चौथा म्हणतो, या म्हाताऱ्यांच्या हातात आता ती कला राहिली नाही. आणि त्या सगळ्यात आपला बाबू जाऊन तुमची गोष्ट सांगून आला. माझा बाप एका खेड्यात हा खेळ आमच्या बोलीत वाचून दाखवायचा, आणि नावाड्याला त्यानं एवढं मोठं आयुष्य दिलं होतं. लोक वेडे झाले. बनवणाऱ्यांनी त्याला कळवलं, तुमच्या वडिलांचा नावाडी आम्ही दुसऱ्या भागात घेतो, ते काय बोलायचे ते पाठवा, तुमच्या भाषेतच ठेवू, खाली इंग्रजी लिहू.

मी हे सगळं नागभीडच्या स्टँडवर गाडी थांबली की मोबाईलवर मराठी करून वाचते. कुठल्या देशातली कोण बाई, लिहिते की नावाड्याची गोष्ट वाचून मी रडले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू कोण गं रडणारी? तू भाकरी थापल्या का तिथं? आमच्या ड्रायव्हरभाऊंनी विचारलंच, "बाई, एवढं काय वाचून राह्यल्या? घरी सगळं बराबर हाय नं?" मी म्हटलं, "हाय जी, भावाचं कौतुक वाचून राह्यली." ते म्हणाले, "मंग तोंड असं काऊन?" मी घंटी मारली. बाबूनं लिहिलेल्या त्या एवढ्या मोठ्या गोष्टीत खोली आहे, कॉम्प्युटर आहे, बाप आहे, धो धो पाऊस आहे. मी नाही. एका ओळीत सुद्धा नाही. हा खेळ येऊच नये, वर्गणीसकट बुडावा, असं मी मनापासून म्हटलं, आणि शंका काढणाऱ्यांची बोलणी शोधून शोधून वाचायला लागले. कुणी लिहिलं की आता काही खरं नाही, की माझा दिवस चांगला जायचा.

आणि मग बाबूचा फोन.

"बाई, तुले नावाड्याचं आठवते का? बाबा काय काय म्हनत?"

"तुलेच ठाऊक असंन. तूच तं लिवलं."

"मले आवाज आठवते. बोल नाई आठवत. मी बटनंच दाबत होतो नं. त्या लोकायले बोल पाह्यजे. नाई देल्लं तं ते आपल्याच मनानं काईतरी घालतीन."

बाबा, मला सगळं आठवत होतं. चपला, उपाशीपोट, डोंग्याला पडलेलं भोक, नावाड्याची माहेरी गेलेली बायको, सगळं. बटणं त्यानं दाबली, पण ऐकलं मी. ज्याच्यावर मी इतकी वर्षं जळले तो माझ्या दारात भांडं घेऊन उभा, आणि भांडं रिकामं. मी म्हटलं, "मले नाई आठवत."

"असं कसं? तू तं तिथीच राहे."

"मी कुठी तिथी राहो? मी सैपाकात राहो."

तो हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. म्हणाला, "मले लय राग ये त्या नावाड्याचा, खरं सांगू? पल्याड लढाई, अन् हा बोलूनच राह्यला, बोलूनच राह्यला. मी म्हनो, बाबा, दाबू का? तं म्हनत, थांब बे, डोंगा भरला नाई अजून. तू चहा घेऊन दरवाज्यात आली का मंग म्हनत, हं, दाब आता. दरवेळेस! खेळ माहा, कॉम्प्युटर माहा, अन् नावाडी तुह्यासाठी थांबे."

माझ्या हातात मशीन होतं, समोर चार माणसं तिकिटासाठी उभी. मी म्हटलं, "चहासाठी थांबत असतीन."

"तसंबी असंन," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी यावर इमले बांधणार नाही. तुम्ही चहाचे कसे भुकेले होते ते मला ठाऊक आहे. चहासाठी तुम्ही खरं नाटकही थांबवलं असतं. पण एवढं कळलं की तोही जळत होता. माझ्यावर! तिथं बसून, हातात सगळं असून, तो दाराकडे बघून जळत होता, आणि मी आत बसून त्याच्यावर. दोघंही येडे. यानं माझा जळफळाट गेला असं समजू नका. थोडा बसला, एवढंच.

सुट्टीच्या दिवशी मी दुपारी दार लावून घेतलं आणि मोबाईल ओट्यावर ठेवून बोलायला लागले. सुरुवातीला लाज वाटली. आपल्याच सैपाकघरात एकटीनं काय बोंबलायचं! मग आवाज लागला. तुमच्यासारखा नाही, माझा आवाज स्टँडवर ओरडून ओरडून फाटला आहे, पण ठेका तोच आला. चपला आल्या, बाप आला, डोंग्याचं भोक आलं. जेवढं आठवत होतं तेवढं संपलं, आणि माझं तोंड काही थांबेना. मी बोलतच राहिले. मग ते सगळं बाबूला पाठवून दिलं.

त्यानं ऐकून लगेच फोन केला. "हेच, बाई, हेच! अस्सेच म्हनत बाबा. अन् ते पोरीचं वाक्य, ते तं बाबा नेहमीच म्हनत. मी भुललोच होतो पाय." मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? बनवणाऱ्यांनी ते जसंच्या तसं घेतलं आहे, आवाजही माझाच ठेवतो म्हणतात.

तेव्हापासून माझी गंमत बघा. आता कुणी लिहिलं की हा खेळ काही येत नाही, की माझं डोकं फिरतं. परवा एकानं लिहिलं, सगळी फसवणूक आहे, तर मी नाव न घालता त्याला चांगलं मराठीतच झोडपलं. त्यानं मशीनवर भाषांतर करून वाचलं असेल तर वाचू दे. रोज गाडी थांबली की आधी तारीख बघते. पुढे ढकलली की त्या दिवशी सुट्ट्यासाठी जास्तच भांडते. नको नको म्हणत होते, आणि आता त्या सगळ्या गावात माझ्याइतकी वाट बघणारं कुणी नसेल. येऊ दे बाप्पा एकदाचा.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि बाबूला तर दाखवायचं नाहीच. तो लोकांना सांगून मोकळा झाला आहे की शब्द न् शब्द वडिलांचा आहे. पण तुम्हाला तरी खरं ठाऊक असावं. नावाडी डोंगा सोडता सोडता म्हणतो, "मागच्या पोरीले समोर येऊ द्या जी, तिले तिथून काई दिसत नाई." हे तुम्ही कधीच म्हणाले नव्हते, बाबा. ते माझं आहे.