मागच्या बाकावरच्या कॅसेटींची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, शाळेत विज्ञानाची शिक्षिका, शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्याआधी माझ्यामागची व्यवस्था कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं आहे. धाकट्या बहिणीचं मत वेगळं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक नवऱ्याला. स्वयंपाकघरातला नळ त्याने यापुढे स्वतः दुरुस्त करू नये.

२. रोजनिशा न वाचता रद्दीत द्याव्यात. वाचल्याच, तर निदान बहिणीला सांगू नये.

३. पुस्तकं आणि सूक्ष्मदर्शक भाचीला. ती यंदाच शिक्षिका झाली आहे. "मावशी, मुलं ऐकतच नाहीत गं!" म्हणत असते. बाळा, आधी त्यांना भिंगातून बघू दे, मग तू बोल.

४. कपाटातल्या खोक्यातल्या कॅसेटी. खरं तर हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे.

मी नवी असताना मोठ्या बाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांनी, माझ्या वर्गात मागच्या बाकावर रेकॉर्डर ठेवायला लावला. संध्याकाळी ऐकलं, तर प्रश्न विचारून मुलांनी तोंड उघडायच्या आत मीच उत्तर देत होते! मी रडकुंडीला आले. बाई म्हणाल्या, "थांब, आता माझा तास ऐक. मी तर मुलांना श्वासही घेऊ देत नाही." त्या संध्याकाळी आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. पुढे ती रीतच पडली. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत चहा, कॅसेट, आणि ज्याचा तास त्याने आधी बोलायचं. बाकीच्यांनी फक्त विचारायचं. आता त्यातले कितीतरी आवाज फक्त त्या खोक्यातच उरले आहेत.

संस्थेच्या नव्या कार्यवाहांना हे खोकं हवं आहे. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, ते त्यावरून ठरवणार. "चांगलं शिकवणाऱ्याला भीती कसली, बाई?" असं त्यांनी विचारलं. मी बराच विचार केला. वाईट तासाची झळ मुलांनाच बसते, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण कॅसेट वर जाणार म्हटल्यावर प्रत्येकजण आपला ठेवणीतला तासच नोंदवेल, आणि त्यातून कुणी काय सुधारणार? म्हणून ज्याची कॅसेट त्याला. जे गेले, त्यांच्या घरी. संस्थेला एकही नाही. कार्यवाहांनी स्वतः मागच्या बाकावर येऊन पूर्ण तास बसावं. गुडघे मावले तर.

५. रेकॉर्डर शिक्षकांच्या खोलीत राहावा. बटण अडकतं, हळू दाबावं.

६. गणिताच्या सरांनी वेळापत्रकात माझा प्रयोगशाळेचा तास पळवला, ते मी विसरलेले नाही. तरी साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावलं, कारण कार्यवाहांच्या घरी पाठवायच्या यादीत पहिलं नाव त्यांचंच असणार, अशी कुजबुज आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं वकील म्हणाले. म्हणून सरांच्या कॅसेटी आज सही करण्याआधीच त्यांच्या हातात दिल्या.

"यातली एकही वर गेली नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी सगळ्या उलटसुलट करून पाहिल्या, आणि एक माझ्यापुढे सरकवली.

"हा माझा सगळ्यात फसलेला तास. भाचीला ऐकवा. म्हणावं, काय चुकलं ते मला येऊन सांग."

त्यांच्या संमतीने ही एक कॅसेट भाचीच्या नावे करत आहे.

सही: विज्ञानाच्या बाई
साक्षीदार: शेजारच्या डॉक्टरीणबाई, गणिताचे सर
ठिकाण: आमचं जेवणाचं टेबल
तारीख: सहामाही परीक्षेनंतरचा पहिला शनिवार