मागच्या बाजूच्या नोंदी

ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे कान फोनला दाद देत नाहीत, म्हणून पुन्हा कागदच. तसंही फोनवर बोललेलं दप्तरी लागत नाही, हे तुझंच म्हणणं. गुडघे कसे आहेत? बाबा म्हणतात, त्यांच्या बहिणीला गुडघ्यांपेक्षा हट्टाचाच त्रास जास्त आहे. मी फक्त निरोप पोचवते.

तू निवृत्त झालीस त्याला अकरा वर्षं झाली आणि जन्मनोंदीच्या रेकॉर्ड रूममध्ये तुझ्या खुर्चीवर बसून मला सहा. यंदा तिथे कॅमेरे आले. कंत्राटदाराची दोन माणसं तीन महिने एकेक पान उलटत फोटो काढत होती. जुनी सगळी रजिस्टरं आता संगणकात आहेत आणि साहेब खूश आहेत. महिनाअखेरीस मूळ रजिस्टरं कागदाच्या कारखान्यात लगद्याला जायची आहेत. त्याआधी मी प्रमाणपत्र द्यायचं, की सर्व नोंदी संगणकात तपासून घेतल्या, मूळ कागद नष्ट करण्यास हरकत नाही.

मंगळवारी रुग्णवाहिका चालवणारी एक बाई जन्माचा दाखला मागायला आली. नोकरीत कायम व्हायचं तर तो हवा. संगणकावर नोंद सापडेना. तिच्या आईने जपलेली पावती तिच्याकडे होती, त्यावर रजिस्टरचा आणि पानाचा क्रमांक होता. मी रजिस्टर काढलं. पानावर नाव नव्हतं, पण समासात लाल पेन्सिलीची बारीकशी खूण दिसली. सहज पान उलटलं, तर कोरी सोडायच्या त्या मागच्या बाजूला हाताने रेघा मारून नावंच नावं लिहिलेली. अक्षर तुझं. तुझा तो पोट सुटलेला 'क' मी हजारांत ओळखेन.

मग दोन दिवस बसून मोजलं. चार रजिस्टरांत मिळून अशा दोनशे चौदा नोंदी आहेत. कॅमेऱ्यावाल्यांनी फक्त छापील बाजू टिपली, कारण करारात तेवढंच लिहिलंय. पानावार नावांची यादी सोबत जोडली आहे. आत्या, ही नावं मागे का लिहिलीस?

लोभ आहे तो निदान उत्तर येईपर्यंत तरी टिकवावा, ही विनंती.
तुझी ठकू

ता. १३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांना सांग, हट्ट आमच्या घराण्यात आहे आणि त्यातला मोठा वाटा त्यांनीच उचललाय. गुडघे बरे आहेत, जिना तेवढा दुरून बघते. तू मात्र दुपारचा डबा वेळेवर खात नाहीस, असं कानावर आलंय. बहिऱ्या माणसाच्याही कानावर येतं, हे लक्षात ठेव.

त्या नोंदींचं म्हणशील, तर फार खोलात शिरू नकोस. मागच्या बाजूचेही फोटो काढा, एवढं साहेबांना सांगून बघ. कोणी लिहिलं, कशाला लिहिलं, यात माझं नाव आणू नकोस. ऐकलं नाही, तर सही करून मोकळी हो. तुझी अजून वीस वर्षं नोकरी आहे. आणि माझ्या चौतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही. निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर तेच वाचून दाखवलं होतं. म्हातारपणी माझ्याजवळ तेवढंच आहे. हे भित्रेपणाचं वाटलं, तर वाटू दे.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझी आत्या

ता. १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला, म्हणून आधी तेच सांगते. डबा वेळेवर खाते.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले की नियमाप्रमाणे मागची बाजू कोरी असते, त्यामुळे तिथे लिहिलेलं ती नोंदच नव्हे, आणि जी नोंदच नाही तिचे फोटो कसले काढायचे. मी विचारलं की माणसं तर जिवंत आहेत, त्यांचं काय. ते म्हणाले की माणसं हा आपल्या शाखेचा विषय नाही. मी तिथल्या तिथे लेखी दिलं, की डोळ्यांनी पाहिलेलं पाहिलं नाही असं प्रमाणपत्र मी देणार नाही. त्याच दुपारी माझी बदली लेखनसामग्रीच्या भांडारात झाली. सोबतीला रिकाम्या फायली, वाळलेल्या गोंदाच्या बाटल्या आणि एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरतो जास्त. मी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस.

काळजी दुसरीच आहे. माझ्या जागी आलेला लिपिक अठ्ठावीस तारखेला सही करणार. नवी नोकरी आहे, घरी आजारी आई आहे, मी त्याला दोष देत नाही. सही झाली की ट्रक येणार. ती रुग्णवाहिकेवाली परवा मला शोधत भांडारात आली. हळूच विचारत होती, की मी जन्मलेच नाही असं सरकारचं म्हणणं आहे का. आत्या, मी तिला उगाच दोन कोऱ्या वह्या काढून दाखवत बसले.

तुझ्या त्या स्वच्छ सेवापुस्तकाचा अभिमान बाळगतच मी मोठी झाले. म्हणून तर विचारतेय. खरं काय ते मला सांग.

लोभ कमी झालेला नाही, पण आवाज चढलाय, तो सहन करावा.
तुझी ठकू

ता. २१ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चांगलीच झापलीस. मला झापणारं घरात कोणी उरलं नव्हतं, बरं वाटलं. आता ऐक.

तीस वर्षांपूर्वी धरणाचा बांध फुटला आणि खालची सगळी वस्ती वीटभट्ट्यांच्या माळावर येऊन राहिली. त्यांच्या पोरांच्या नोंदी कुठेच नव्हत्या. सरकारने उशिराच्या नोंदीसाठी चाळीस दिवसांची सवलत दिली. सव्विसाव्या दिवशी आमची रजिस्टरं संपली. नवी मागवली, तीनदा लेखी मागवली. उत्तर आलं, पुढच्या वर्षी मिळतील. तेव्हाचे साहेब म्हणाले की खिडकी बंद करा. बाहेर ओळीने बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर पोर. मी खिडकी बंद केली. मग परत उघडली. उरलेले चौदा दिवस मी मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत होते आणि पावत्या देत होते. साहेबांनी बघितलं नाही, एवढी त्यांची मेहेरबानी.

पुढे तीस वर्षं मला एकच धास्ती होती, की कोणीतरी पान उलटेल. आता कळलं की कोणीच उलटणार नाही, तेव्हा खरी घाबरले. तुला तसलं पत्र लिहिलं, त्याची मला लाज वाटते.

आता नीट वाच. कागद नष्ट करण्याच्या नियमांतलं नववं कलम मी स्वतः टाइप केलं होतं. ज्या कागदाबद्दल चौकशी चालू आहे, तो ती संपेपर्यंत नष्ट करता येत नाही. म्हणून आज मी माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. नियम मोडून सरकारी रजिस्टरांत दोनशे चौदा नोंदी केल्या, माझी चौकशी करा, असं चौकशी शाखेला रजिस्टर पोस्टाने कळवलंय, पोचपावतीसह. एक प्रत तुझ्या साहेबांना आणि एक तुला. तुझ्या यादीची नक्कल जोडली आहे. निवृत्त माणसाची चौकशी किती वर्षं चालते ते तुला ठाऊक आहे. आपल्या खात्याचा वेग आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडणार आहे.

पेन्शन कापतील म्हणशील. कापू देत. लाल शेरा मारतील, तोही मारू देत. त्या पुस्तकात जागा भरपूर आहे.

माझ्यावर आता तरी लोभ असू दे आणि डगमगू नकोस.
तुझी आत्या

ता. २० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चौकशी शाखेची माणसं सत्तावीसला सकाळीच आली. चारही रजिस्टरं बांधली, लाखेची मोहोर केली आणि हात लावायला बंदी घातली. अठ्ठावीसला ट्रक आला, तो ही चार सोडून बाकीची घेऊन गेला. साहेब स्वतः खाली भांडारात येऊन म्हणाले की तुमच्या आत्याबाई गप्प बसत्या तर त्यांची अब्रू राहिली असती. मी म्हटलं की आत्याबाईंना ऐकू कमी येतं, तुम्ही लेखी कळवा.

पण खरी गंमत पुढेच आहे. चौकशी अधिकारी एक कडक बाई आहेत. त्यांचं म्हणणं, प्रत्येक नोंद हा वेगळा गुन्हा, तेव्हा आरोपपत्रात प्रत्येकीचा तपशील हवा. म्हणून मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, रजिस्टर, पान असं सगळं टाइप झालं, आणि प्रत्येक कागदावर सही आणि गोल शिक्का. मी तेच घेऊन वरच्या कार्यालयात गेले आणि विचारलं, की हे तपशील खोटे असतील तर आत्यावर आरोप कसला, आणि खरे असतील तर दाखला का नाही. चार दिवस त्यांनी कायद्याची पुस्तकं उलटली. काल रुग्णवाहिकेवालीला दाखला मिळाला, तुझ्या आरोपपत्राच्या आधारावर! आज खिडकीशी माळावरची अकरा माणसं उभी होती. मी मात्र अजून भांडारातच आहे.

बाबा आता भेटेल त्याला सांगतात, की आमच्या बहिणीइतके आरोप अख्ख्या खात्यात कोणावर नाहीत.

आरोपपत्र तुला पोचलं असेल. पंधरा दिवसांत आरोप मान्य की अमान्य ते कळवायचं आहे. मला तुझा फार अभिमान वाटतो, आणि लोभाबद्दल आज काही मागत नाही.
तुझी ठकू

ता. २९ मार्च

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आरोपपत्र मिळालं. तीन दिवस भिंग घेऊन वाचलं. टायपिंग बरं आहे, पण काम ढिलं आहे. आरोप मोजले ते दोनशे तेरा भरले. परत मोजले, पुन्हा तेवढेच. मग तुझ्या यादीशी ओळीने ताडून पाहिलं. तिसऱ्या रजिस्टरच्या एकसष्टाव्या पानामागे, अगदी तळाशी, एक मुलगी राहून गेली आहे. मला ती आठवते. आईच्या कडेवर झोपली होती आणि तिचं नाव ठरेपर्यंत मी कागदावर पेन टेकवून थांबले होते, म्हणून ती ओळ जरा फिसकटली.

आजच लेखी उत्तर टाकलं. दोनशे तेराही आरोप मान्य आहेत. परंतु आरोपपत्र अपुरं आहे. मी दोनशे चौदा गुन्हे केले आहेत. राहिलेला आरोप रीतसर माझ्यावर ठेवण्यात यावा, तोवर चौकशी पूर्ण झाली हे मला मान्य नाही.

तुझ्यावर लोभ करणारी,
आत्या