जीपच्या कागदावरची सही

३ मे १९९३, सोमवार
जीप विकणार म्हणे! गिरीश आज चहा पिता पिता बोलला. "आई, ब्रिस्टलचा एक माणूस घेतो म्हणतोय. नुसती उभी आहे. कोण चालवणार?"
मी म्हटलं, "मी."
हसला. सूनबाई रश्मीपण हसली, तोंडावर हात धरून. हसा लेको! ह्यांनी हॉस्पिटलात रात्रंदिवस ड्यूट्या करून ती जीप घेतली. 'रिटायर झालो की डोंगरात जाऊ, यमुना' — सात वर्षं ऐकलं. रिटायर झाले आणि चार महिन्यांत गेले. डोंगर राहिलाच. रोज पुसते मी ती जीप.

६ मे, गुरुवार
शेजारची सुप्रभा म्हणाली, गाडी तुमच्या नावावर झालीय ना मावशी, मग तुमच्या सहीशिवाय विकता येणार नाही त्याला. ती कौन्सिलमध्ये असते, तिला कागद कळतात.
आणि संध्याकाळी गिरीशसाहेबांचं गोड बोलणं सुरू! "आई, संडेला वेल्सला जाऊ या. डे ट्रिप. बाबांना जायचं होतं ना डोंगरात? एकदा जाऊन येऊ."
एकदा! म्हणजे बळी द्यायच्या आधी बकऱ्याला हार.

८ मे
दशम्या केल्या. ठेचा केला. गिरीशचा डबा वेगळा — मिरच्या दुप्पट.

९ मे, रविवार
पहाटे पाचला लंडनमधलं आमचं हॅरो सोडलं. त्या डोंगरांना वेल्सचं वाळवंट म्हणतात. ना वाळू, ना उंट! नुसतं पिवळं गवत, दगड, मेंढ्या. मैलच्या मैल घर नाही. पण डांबर संपलं, जीप हलत-डुलत वर चढायला लागली. ह्यांनी बघायला हवं होतं.
मला मागे बसवलं, नात शिल्पाबरोबर. पुढे रश्मी. तिला गाडी लागते!
एका ओढ्यात जीप रुतली. गिरीश ॲक्सिलरेटर दाबतोय, चाकं गरगर, चिखल काचेवर.
"अरे थांब, अजून रुतेल!"
"आई, ही बैलगाडी नाहीये."
"बैलगाडी असती तर बैलांनी तुला आधी खाली उतरवलं असतं."
शिल्पा फिसकन हसली. तिला डोळा मारला.
अर्धा तास हाच तमाशा. मग मी उतरले. चपला शिल्पाच्या हातात, साडी खोचली. "अहो आई, नका ना, पडाल!" — रश्मी. चपटे दगड शोधून चाकांपुढे सारले. गावी नदीत आमची बैलगाडी रुतायची तेव्हा माझे वडील, अण्णा, हेच करायचे. गिरीशला म्हटलं, उतर, मागून ढकल. स्टिअरिंगवर मी बसले! ह्यांनी रविवारी रिकाम्या कार पार्कात शिकवलेलं, कुणाला न सांगता. पहिला गिअर टाकला, क्लच हळूहळू सोडला — आली की बाहेर! शिल्पा नाचायलाच लागली. गिरीश नखशिखांत चिखल.
थँक यू म्हणाला? छे! "आई, यू डोन्ट हॅव अ लायसन्स!"
पुढे जेवायला थांबलो. माझा घास तोंडात, आणि ह्याने बॉनेटवर कागद ठेवला. त्यावर बोट. "इथे सही कर. इन्शुरन्सचं आहे."
खोटारडा! चौथीपर्यंत शिकले मी, पण जीपच्या मालकीच्या कागदाचा रंग ओळखते. जन्मभर हेच — आधी ह्यांचं बोट, आता लेकाचं. इथे कर, इथे कर. कधी कुणी वाचून दाखवलं नाही! अंगाची आग आग झाली. म्हणून तर आणलं होतं मला डोंगरात!
माझी सही मराठीत असते. गिरीशला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी दिसतात म्हणतो. पेन घेतलं. दोन शब्द लिहिले. त्याने बघितलं, घडी घालून खिशात टाकलं.


१० मे
राग जात नाही. त्याच्या चहात मीठ घातलं.

१५ मे, शनिवार
ब्रिस्टलचा माणूस आला. गिरीशने ऐटीत कागद टेबलावर काढला. तेवढ्यात शिल्पा शनिवारच्या मराठीच्या वर्गातून आली. वाकली, एकेक अक्षरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली.
"वि... का... य... ची... ना... ही. विकायची नाही! डॅड, हे आजीचं नाव नाहीये."
रश्मीचा हात परत तोंडावर — पण या वेळी नवऱ्याकडे बघून हसत होती.
गिरीश लालबुंद. "आई! यू ट्रिक्ड मी!"
"आणि तू? इन्शुरन्स काय? बापाची जीप विकायला आईला फसवतोस?"
खूप बोलले. आठ दिवसांचं साठलेलं सगळं. तो माणूस चहा न घेताच गेला. गिरीश दार आपटून वर.

२३ मे, रविवार
गिरीशने माझ्यापुढे एक कागद ठेवला. प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा फॉर्म, माझ्यासाठी. "जीप राहू दे, तूच चालव." बोट ठेवलं नाही. "आधी वाचून दाखवतो" म्हणाला. सगळा वाचला, मराठीत सांगितला. मी मुद्दाम दोनदा वाचायला लावला.
मग सही केली. या वेळी माझं नाव.